माळावरील परकी झाडे व देशी गवत

सोलापुराहून बार्शीच्या रस्त्याने सुमारे २० किलोमीटर गेले म्हणजे नान्नजचे माळरान लागते. जमीन मुरमाड, मातीचा थर उथळ, पाऊस बेताचा. माळढोक पक्ष्याकरिता १९७९ साली सरकारने जे अभयारण्य जाहीर केले, त्यातील हा प्रमुख भाग होय. पाहणारास ही जमीन ओसाड भासते, आणि चुकीचा उगम येथेच आहे. माळ हिरवा करावा या सद्हेतूने मागे येथे गिरिपुष्पादी झाडे लावण्यात आली. परंतु माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो व चहूकडे नजर पोहोचेल अशाच जागी वावरतो. झाडांची दाटी झाली की त्याचा निवारा गेलाच. सावलीखाली गवतही खुरटते, आणि हा तोटा आपल्या गुरांचा आहे. अखेर लावलेले गिरिपुष्प उपटण्याचे काम हाती घ्यावे लागले.

यात गिरिपुष्पास दोष नाही. तेच झाड बांधावर लावून त्याचा पाला शेतात गाडल्यास कोरडवाहू जमिनीचा कस वाढतो. झाड तेच, जागा मात्र चुकली.

वेड्या बाभळीची गोष्ट निराळी. अमेरिकेतून आलेल्या या झाडाने जिल्ह्यातील ओढे, गायराने व पडीक जमिनी व्यापल्या आहेत. श्रमदानास निघणाऱ्या उत्साही मंडळींचा घाम बहुतेक येथेच वाया जातो. जमिनीलगत कुऱ्हाड चालविली की बुंध्यास दहा फुटवे येतात व पहिल्यापेक्षा दाट झुडूप होते. पहिल्या पावसाने जमीन मऊ झाल्यावर बुंध्याभोवती वीतभर खोल उकरून, फुटव्याचे डोळे असलेला भाग खाली राहणार नाही अशा बेताने मूळ तोडावे. शेंगा गोड असल्याने शेळ्यामेंढ्या त्या आवडीने खातात व बी लेंड्यांतून दूरवर जाते. म्हणून शेंगा पिकण्यापूर्वीच तोड करावी, आणि पुढील दोन-तीन वर्षे रोपे उपटीत राहावे. लाकूड गावातील गरजूंस सरपणास द्यावे. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीवाचून काडीसही हात लावू नये.

जागा मोकळी झाली की गाजरगवत टपलेलेच असते. यास्तव कार्तिकाच्या सुमारास जवळच्याच माळावरून पवन्या व डोंगरी गवताचे पिकलेले बी गोळा करून कोरडे ठेवावे व पुढील पावसाच्या तोंडी विखरावे. मारवेलीची मुळासकट ठोंबे लावली तरी चालतात. नांगर मुळीच घालू नये. निदान दोन पावसाळे चराई बंद ठेवून गवत कापून न्यावे. वृक्षारोपणाची हौस असल्यास ती गावठाणात किंवा शाळेच्या आवारात भागवावी.

शेवटी ओळखीविषयी. देशी बाभळीचे फूल पिवळ्या गोंड्यासारखे गोल असते व शेंग मण्यांच्या माळेसारखी दिसते. वेड्या बाभळीचे फूल लांबट तुऱ्यासारखे व शेंग सरळ, पिकल्यावर पिवळसर असते. फूल वा शेंग दिसत नसल्यास कोवळ्या झाडावर कुऱ्हाड चालविण्यापूर्वी गावातील जाणत्या मेंढपाळास विचारावे.