आधी अंदाज, मग सही
मुलांना गुणाकाराचा अंदाज कसा शिकवावा?

शिवणकाम करणाऱ्या एक ताई आमच्या शाखेत पासबुक छापून घ्यायला आल्या होत्या. बरोबर त्यांची सहावीतली मुलगी होती. पासबुकात तीन महिने १,१८० रुपयांची वजावट दिसत होती. विचारल्यावर कळले की, त्यांनी शिलाई मशीन हप्त्यावर घेतले आहे. मशीनची रोखीची किंमत १८,५०० रुपये होती आणि हप्ते होते २४. दुकानदार म्हणाला होता, “दिवसाला चाळीस रुपयेसुद्धा पडत नाहीत, ताई.”

एकूण किती भरायचे, हे ताईंना ठाऊक नव्हते. मुलगी म्हणाली, “महिन्याला बाराशे धरू. वर्षाचे चौदा हजार चारशे. दोन वर्षांचे अठ्ठावीस हजार आठशे. त्याहून थोडे कमी.” मी कॅल्क्युलेटरवर पाहिले. २८,३२० रुपये. रोखीच्या किमतीपेक्षा ९,८२० रुपये जास्त.

ताई गप्प झाल्या. मुलगी म्हणाली, “आई, घेताना मला का नाही विचारलंस?”

मशीनवर ताईंना रोज काम मिळते, म्हणून खरेदी चुकली असे मी म्हणणार नाही. पण हा आकडा सहीच्या आधी कळला असता, तर त्यांनी दुसरे दुकान पाहिले असते, थोडी रक्कम आधी भरली असती किंवा बँकेत कर्जाचा दर विचारला असता. म्हणून हा धडा मुलांसाठी आहे आणि मोठ्यांसाठीही.

पायरी १ : राउंड फिगर करा

शेवटचा अंक ५ किंवा त्याहून मोठा असेल तर पुढच्या दहावर जा. लहान असेल तर मागच्या दहावर या. ४८ चे ५० होतात, ३२ चे ३०. मोठ्या संख्येत जवळचा शेकडा घ्या. १,१८० चे १,२०० होतात.

पायरी २ : शून्ये बाजूला ठेवून गुणा

४८ × ३२ साठी ५० × ३० करा. पाच त्रिक पंधरा, त्यावर दोन शून्ये, म्हणजे १,५००. खरे उत्तर १,५३६ आहे. दहापर्यंतचे पाढे येणारे मूल हे तोंडी करू शकते.

पायरी ३ : खरे उत्तर कमी की जास्त, ते सांगा

ही पायरी बहुतेक जण सोडतात, पण पैशाच्या व्यवहारात तिचाच उपयोग जास्त. दोन्ही संख्या वाढवल्या असतील, तर खरे उत्तर अंदाजापेक्षा कमी असते. दोन्ही घटवल्या असतील, तर जास्त असते. एक वाढवली आणि एक घटवली, तर अंदाज बहुधा जवळचा असतो, पण तो कमी की जास्त हे लगेच सांगता येत नाही.

दोन्ही संख्यांच्या शेवटी ५ असेल, तर दोन्ही वाढवू नका. ३५ × ४५ साठी ४० × ५० केले तर २,००० येतात आणि खरे उत्तर आहे १,५७५. त्याऐवजी ४० × ४० करा. १,६०० येतील.

सराव घरातच

दुधाची पिशवी ३४ रुपयांना असेल आणि महिना ३१ दिवसांचा असेल, तर मुलाला आधी अंदाज विचारा. ३५ × ३० म्हणजे १,०५०. मग दूधवाल्याचा हिशेब दाखवा. तो १,०५४ असेल तर ठीक. १,२५४ लिहिले असेल, तर मूलच विचारेल, “दोनशे जास्त कसे?”

बँकेची पैसे भरण्याची स्लिपही चांगली वही आहे. २०० च्या ३८ नोटा असतील, तर ४० × २०० म्हणजे ८,००० पेक्षा थोडे कमी. स्लिपवर ७,६०० ऐवजी ७६० किंवा ७६,००० लिहिले गेले, तर चूक काउंटरवर येण्याआधीच दिसते. एखादे शून्य कमी-जास्त होणे ही चूक मोठ्यांकडूनही होते.

मात्र मुलांना हेही सांगा की, अंदाज तपासण्यासाठी असतो. पैसे देताना-घेताना आकडा अचूकच हवा.

हप्त्याची वस्तू घेताना

मुलाला शेजारी बसवा आणि तीन आकडे कागदावर लिहा : रोखीची किंमत, हप्ता, हप्त्यांची संख्या. हप्ता गुणिले संख्या, त्यात आधी भरायची रक्कम आणि प्रक्रिया शुल्क मिळवा. त्यातून रोखीची किंमत वजा करा. जे उरेल, ते उधारीचे मोल.

अंदाजानंतर कागद मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी कर्जदाराला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा तक्ता, देणे रिझर्व्ह बँकेने बँका व वित्त कंपन्यांना बंधनकारक केले आहे. त्यात सर्व शुल्क धरून येणारा वार्षिक दर दिलेला असतो आणि तक्ता कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावा लागतो. तो वाचल्याशिवाय सही करू नका.

तुम्ही करून पाहा (आधी अंदाज, मग अचूक)

१. आवर्ती ठेवीत दरमहा ४८० रुपये, ३६ महिने. व्याज सोडून किती जमा होतील?
२. मोबाइलचा हप्ता १,८९० रुपये, १८ महिने. एकूण किती?
३. रिक्षाचे भाडे जाऊन-येऊन ६२ रुपये, महिन्याला २६ दिवस. खर्च किती?

उत्तरे : १) अंदाज १८,०००, खरे १७,२८०. २) अंदाज ३६,००० ते ३८,०००, खरे ३४,०२०. फरक मोठा वाटला ना? १८ चे २० केले, म्हणून. फक्त हप्ता १,९०० धरून १८ ने गुणले, तर ३४,२०० येतात. ३) अंदाज १,८००, खरे १,६१२.