कामाच्या जागी माणसाचा फोटो कसा काढावा?



'आपले मदतनीस' हा घटक आपण पहिली-दुसरीपासून शिकवतो. वर्गातल्या तक्त्यावर डॉक्टर, शिंपी, सुतार, पोस्टमन सगळे रांगेत उभे असतात. पण तक्त्यावरचा सुतार कुठल्याच गावचा नसतो. आपल्या गावातल्या खऱ्या सुताराचा, त्याच्याच कारखान्यात काढलेला फोटो मुलांना दाखवला, तर त्यात किती तरी वाचण्यासारखं सापडतं. असा फोटो कसा काढायचा, ते आज समजून घेऊ.

दोन छायाचित्रकार, दोन उदाहरणं

ऑगस्ट झांडर (1876–1964) हे जर्मन छायाचित्रकार. समाजातल्या सगळ्या थरांतल्या आणि व्यवसायांतल्या माणसांचे फोटो काढायचे, असं मोठं काम त्यांनी हाती घेतलं होतं. 1928 मध्ये त्यांनी केक-पेस्ट्री बनवणाऱ्या एका कारागिराचा फोटो काढला. अंगात पांढरा लांब कोट, हातात मोठं भांडं, मागे त्याचं स्वयंपाकघर. तो थेट कॅमेऱ्याकडे पाहतो. खाली नाव नसलं तरी हा माणूस काय करतो ते कळतं. त्याला आपल्या कामाचा अभिमान आहे, हेही कळतं.

दुसरे अमेरिकेचे अरनॉल्ड न्यूमन (1918–2006). 1963 मध्ये त्यांनी आल्फ्रीड क्रूप या जर्मन उद्योगपतीचा फोटो त्याच्याच कारखान्यात काढला. दुसऱ्या महायुद्धात माणसांना गुलामासारखं राबवल्याबद्दल क्रूपला 1948 मध्ये न्यूरेंबर्ग इथे शिक्षा झाली होती, आणि न्यूमन स्वतः ज्यू होते. त्यांनी दोन्ही बाजूंनी प्रकाश टाकला आणि क्रूपला थोडं पुढे वाकायला सांगितलं. फोटोत तो चेहरा बघणाऱ्याला भीती वाटावी असा दिसतो. न्यूमनना तो तसाच दाखवायचा होता.

म्हणजे बघा, दोन्ही फोटोंत माणूस त्याच्या कामाच्या जागीच आहे. पण एकात मान दिसतो, दुसऱ्यात आरोप. फरक पडला तो प्रकाशाने, कोनाने आणि फोटो काढणाऱ्याच्या मनात काय आहे त्याने. क्रूप श्रीमंत आणि बलाढ्य होता. आपल्यासमोरचे चप्पल शिवणारे दादा मात्र "असा फोटो नको" म्हणायलाही संकोचतील. म्हणून आपली जबाबदारी जास्त.

प्रत्यक्ष फोटो काढताना

1. आधी विचारा. "काका, तुमचा काम करतानाचा फोटो मुलांना दाखवायला काढू का?" फोटो कशासाठी ते स्पष्ट सांगा. नाही म्हणाले तर आग्रह नको.

2. थोडा वेळ नुसतं बघा. शिंपीकाका कापड कापताना कुठे उभे राहतात, कात्री कुठे ठेवतात, माप कुठे लिहितात? जे अवजार सारखं हातात असतं, तेच फोटोत हवं. शोभेसाठी दुसरं काही हातात देऊ नका.

3. उजेड शोधा. छोट्या दुकानात दारातून येणारा उजेड सगळ्यात चांगला. माणसाची पाठ दाराकडे असेल तर चेहरा काळा पडतो. तोंड दाराकडे, जरा तिरपं असू द्या. जमलं तर ट्यूबलाइट बंद करा, म्हणजे दोन रंगांचा उजेड मिसळणार नाही.

4. त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर या. माणूस जमिनीवर बसून काम करत असेल तर आपणही खाली बसायचं. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत माणूस लहान दिसतो, बिचारा वाटतो.

5. मोबाइल चेहऱ्याच्या फार जवळ नेऊ नका, नाक मोठं दिसतं. पाच-सहा फूट मागे थांबा, म्हणजे जागाही फोटोत येईल.

6. पसारा सगळा आवरू नका. लाकडाचा भुसा, चिंध्या, मातीने भरलेले हात ही कामाचीच खूण आहे. पण कामाशी संबंध नसलेली मागची पिशवी किंवा कॅलेंडर बाजूला करायला हरकत नाही. त्यांना विचारूनच.

7. फोटो त्यांना दाखवा. आवडला नाही तर पुसा, दुसरा काढा. एक छापील प्रत नेऊन द्या.

वर्गात करायची कृती

फोटोखाली नाव किंवा व्यवसाय न लिहिता तो मुलांना दाखवा आणि विचारा:

- हे काय काम करतात? कशावरून ओळखलंत?
- उजेड कुठून येतो आहे?
- यांना हे काम करायला काय काय शिकावं लागलं असेल?
- आपण यांना काय विचारू?

शेवटच्या प्रश्नाची उत्तरं फळ्यावर लिहून घ्या. नंतर शक्य असेल तर त्या काकांना किंवा मावशींना वर्गात बोलवा. ज्यांच्या दुकानावरून मुलं रोज जातात, त्यांच्या कामातली हुशारी मुलांना दिसली, की हा घटक शिकवून झाला असं समजायचं.