ज्युरी कोण निवडतो, यावर निकाल ठरतो का?

प्रश्न : लोकमान्य टिळकांना ज्युरीने दोषी ठरवले, असे वाचले. त्या ज्युरीत आपली माणसे नव्हती का? आणि आज आदिलाबादच्या सेशन्स कोर्टात ज्युरी का नसते?
— एक वाचक, बेला (जि. आदिलाबाद)

उत्तर : होती, पण निकाल फिरवता येणार नाही इतकीच. १८९७च्या राजद्रोह खटल्यात मुंबई हायकोर्टात नऊ ज्युरर होते. सहाही युरोपियनांनी टिळकांना दोषी म्हटले, तिन्ही भारतीयांनी निर्दोष. १९०८मध्ये सात युरोपियन आणि दोन पारशी होते. कौल सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षे काळे पाणी.

मेख निवडीत होती. नवांपैकी सहांचे एकमत आणि न्यायाधीशांची संमती, एवढे कायद्याला पुरत असे. १९०८मध्ये सरकारने 'स्पेशल ज्युरी' मागितली. तिच्या यादीत युरोपियनांचा भरणा. खटला ज्यांवरून होता ते लेख 'केसरी'तले, म्हणजे मराठी. मराठी न येणाऱ्या युरोपियनांकडून ते भाषांतरावरून तोलले जाणार. म्हणून टिळकांचे बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टांनी हरकत घेतली, पण न्या. दावर यांनी ती मानली नाही.

उलट आरोपी गोरा असला, की भारतीय न्यायाधीशांना गोऱ्यांवर खटले चालवू देऊ पाहणाऱ्या इल्बर्ट बिलावरच्या तडजोडीने १८८४पासून त्याला निम्मे तरी युरोपियन किंवा अमेरिकन ज्युरर मागता येत. फौजदारी कायद्यातले असे उरलेसुरले वांशिक भेद स्वतंत्र भारताने १९४९च्या कायद्याने पुसले.

ज्युरी मात्र त्यानंतरही काही काळ टिकली. नौदल अधिकारी नानावटी यांच्या खून खटल्यामुळे ती गेली, असे सर्रास सांगतात. पण तो खून १९५९चा; विधी आयोगाने ज्युरी बंद करण्याची शिफारस १९५८मध्येच केली होती. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती पुरती संपवली. म्हणून आदिलाबादेत काय किंवा यवतमाळात काय, निकाल एकटे न्यायाधीश देतात, आणि कारणे लिहून देतात.

अमेरिकेत ज्युरी आहे आणि दुखणेही तेच आहे. कारण न देता ज्युरर वगळण्याचा हक्क सरकारी वकील कृष्णवर्णीयांविरुद्ध वापरत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६च्या बॅटसन निकालाने वर्णावरून वगळणे निषिद्ध ठरवले, तरी पळवाटा राहिल्या. कर्टिस फ्लॉवर्स या कृष्णवर्णीय आरोपीवर एकाच खून प्रकरणात सहा वेळा खटला चालला. त्यांत सरकार पक्षाने ४२पैकी ४१ कृष्णवर्णीय ज्युरर वगळल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये नोंदवले. अ‍ॅरिझोना राज्याने २०२२पासून विनाकारण वगळण्याचा हक्कच काढून टाकला. रोग निवडीत असेल, तर औषधही तिथेच हवे.