प्रार्थना मागायची तर नीट मागा

लेकरांनो, गडचांदुरात आपल्या मंडळीतली बहुतेक घरं बाहेरून आलेली. सिमेंटच्या कारखान्यात काम लागलं म्हणून कुणी आदिलाबादकडून आलं, कुणी नागपूर-वर्ध्याकडून, कुणी जिवतीच्या डोंगरावरून खाली उतरलं. अडचण आली की रात्री ज्याचं दार वाजवावं असा भाऊ किंवा मामा इथं जवळ नसतो. म्हणून मंडळीतल्या मित्रमैत्रिणींकडे प्रार्थना मागायची रीत नव्या घरांनी लवकर शिकावी. मला ती सासूबाईंनी शिकवली. त्यात माझी थोडी भर घालून तुम्हाला सांगते.

मोघम मागू नका. सासूबाईंचं हे पहिलं सांगणं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. उपासना सुटल्यावर दारात चपला घालता घालता "आमच्यासाठी प्रार्थना करा हं" म्हणायचं, समोरच्यानं "हो, नक्की" म्हणायचं आणि दोघांनी घरी जायचं, यातून काही होत नाही. कोणासाठी, काय आणि कधी, ते सांगा. "मंगळवारी सकाळी ह्यांचं चंद्रपूरला ऑपरेशन आहे. मला फार भीती वाटते. सोमवारी रात्री आम्हाला झोप लागावी आणि डॉक्टरांचा हात स्थिर राहावा, एवढं मागा." असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या मनात तो मंगळवार पक्का बसतो.

पौलाचं बघा. रोमकरांस पत्र लिहिलं तोवर तो रोमला एकदाही गेला नव्हता. तरी पंधराव्या अध्यायाच्या शेवटी तो तिथल्या मंडळीला विनवतो, आणि काय मागायचं तेही सांगतो. यहूदियातल्या विरोधकांपासून सुटका व्हावी. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली मदत तिथल्या मंडळीनं गोड मानून घ्यावी. मग आनंदानं रोमला येता यावं. पुढची हकिगत प्रेषितांच्या कृत्यांत आहे. यरुशलेमेत जमाव त्याच्या जिवावर उठला आणि रोमी सरदारानं त्याला सोडवलं. पण त्यानंतर दोन वर्षं कैसरियात कैद, वाटेत जहाज फुटलं, आणि रोमला पोचला तो कैदी म्हणून. म्हणजे पोचला खरा, पण त्यानं मनात धरलं होतं तसा नाही. मित्रांकडे प्रार्थना मागताना हे दोन्ही ध्यानात ठेवा. मागणं स्पष्ट असावं, पण उत्तर कसं यावं याची अट देवाला घालू नये.

आपल्या महाराष्ट्रातला दाखला हवा असेल तर केडगावच्या मुक्ती मिशनचा घ्या. 1905च्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी मुलींना रोज प्रार्थनेला जमायला सांगितलं. सुरुवातीला 70 जणी आल्या, जूनपर्यंत त्या साडेपाचशेच्या घरात गेल्या. रमाबाईंनी ठिकठिकाणच्या सेवकांकडून माणसांची नावं मागवली आणि ती मुलींमध्ये वाटून दिली. एका मुलीला सगळी मंडळी डोळ्यापुढे आणता येणार नाही, पण हातात आलेली चार नावं ती रोज घेऊ शकते. त्या बाईंना माणसाच्या मनाची केवढी जाण होती!

आता मागायचं कोणाकडे? सगळ्यांकडे नाही. दानीएलावर राजाच्या हुकमानं मरणाची पाळी आली तेव्हा तो घरी गेला आणि त्यानं आपल्या तिघा सोबत्यांना सांगितलं. गेथशेमानेत येशूनंसुद्धा बाकीच्यांना मागे बसवून पेत्र, याकोब आणि योहान यांनाच पुढे नेलं, आणि आपला जीव किती कासावीस झालाय ते त्यांच्यापाशी बोलून दाखवलं. प्रभूला ते बोलायची लाज वाटली नाही, मग आपण कशाला "सगळं ठीक आहे" म्हणत फिरायचं? आणि ते तिघं झोपी गेले हेही विसरू नका. मित्र झोपतात. नाईट शिफ्ट करून आलेला माणूस तर बसल्या जागी झोपतो. त्याच्यावर रुसू नका. पुन्हा फोन करा, पुन्हा सांगा.

शिफ्टचा उपयोगही करून घ्यावा. साखळी प्रार्थना ठेवली की रात्री दोन-तीनची वेळ कुणी घेत नाही. ती रात्रपाळीवाल्याला द्या. तो तसाही जागा असतो, आणि जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं त्याला काढता येतात. भाषेचं बंधन नको. हा राजुऱ्याकडचा मुलूख 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता, आपल्यात अजून तेलुगू बोलणारी घरं आहेत. ज्याला तेलुगूत रडता येतं त्याला मराठीत प्रार्थना करायला लावू नका.

एक गोष्ट मी कडक शब्दांत सांगणार आहे. ज्याच्यासाठी मागायचं त्याला आधी विचारा. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल पुष्कळ घरांत आहे. एखाद्या मुलीचा आजार नावानिशी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकला की संध्याकाळपर्यंत तो राजुऱ्याला पोचतो, आणि चार वर्षांनी तिच्या लग्नाच्या बोलण्यात निघतो. नवऱ्याचं पिणं, मोडलेली सोयरीक, अंगावरचं कर्ज यांचंही तसंच. "एका बहिणीच्या घरात आजारपण आहे" एवढ्यावर मंडळीला प्रार्थना करता येते. नाव देवाला माहीत असतं. प्रार्थनेच्या निमित्तानं दुसऱ्याच्या घरातलं बाहेर सांगणारा माणूस मंडळीचं जेवढं नुकसान करतो, तेवढं बाहेरचा कुणी करत नाही.

दवाखान्याचंही ऐका. शेतात साप चावला तर आधी गाडी, आणि गाडी चालू झाल्यावर फोन. पाळकसाहेबांची वाट बघत पोराला घरात ठेवायचं नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. याकोबाच्या पत्रात वडिलांना बोलवायला आणि तेल लावायला सांगितलंय, वैद्याला हाकलायला कुठं सांगितलेलं नाही.

पैशाची गरज असेल तर पैसे मागा. "फीची अडचण आहे, प्रार्थनेत ठेवा" असं ज्याच्या खिशात आहे त्यालाच गाठून म्हणायचं, हे बरोबर नाही. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरनं हजारो अनाथ मुलं सांभाळली आणि पैशासाठी माणसांपुढे हात पसरायचा नाही असं ठरवलं ते शेवटपर्यंत पाळलं. प्रत्येकाला तसं जमणार नाही, आणि जमायलाच हवं असंही नाही. मंडळीच्या वडीलवर्गाकडे जाऊन सरळ उसने मागण्यात कमीपणा नाही. मात्र प्रार्थनेची विनंती आणि पैशाची मागणी एकात मिसळू नका. त्यानं मित्र अवघडतात आणि पुढच्या वेळी फोन उचलत नाहीत.

काही दिवस असे येतात की स्वतःच्या तोंडून शब्द फुटत नाही. पोटचं लेकरू गेल्यावर, ठेकेदारानं एका दिवसात काढून टाकल्यावर. तेव्हा "मला प्रार्थना करता येत नाही, तुम्ही करा" एवढं म्हणावं. अमालेक्यांशी लढाई चालली होती तेव्हा मोशेचे हात भरून आले. अहरोन आणि हूर यांनी त्याला दगडावर बसवलं आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवले. अशा वेळी घरी येणाऱ्यानंही फार बोलू नये, अर्थ तर सांगूच नये. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर चांगले होते.

आणि मागून झाल्यावर कळवा. बरं झालं तर कळवाच, पण नाही झालं तरी कळवा. ऑपरेशन होऊन महिना झाला, माणूस कामावर रुजू झाला, आणि तिकडे एखादी म्हातारी रोज पहाटे उठून त्याच्या ऑपरेशनसाठी विनवणी करते आहे, असं आपल्या मंडळीत होतं. तिला कुणी सांगितलेलंच नसतं. तुमच्यासाठी कुणाकुणाला प्रार्थना करायला सांगितली होती ते आज आठवा, आणि ज्यांना शेवट कळवायचा राहिला असेल त्यांना रविवारची वाट न बघता आजच फोन करा.