अरणी आणि चकमक : दोन रूपकांचा उगम

काडेपेटीपूर्वी अग्नी सिद्ध करण्याच्या दोन रीतींनी भाषेला दोन निरनिराळी रूपके दिली. पहिली मंथनाची. खालच्या अरणीच्या खळग्यात मंथा घुसळला, की घर्षणाने लाकडाचा भुसा तापून त्याचा निखारा होतो. ऋग्वेदाच्या ३ऱ्या मंडलातील २९व्या सूक्तात अग्नी अरणींत गर्भासारखा वसतो, तो या कृतीमुळेच. दुसरी रीत आघाताची. गारेच्या धारेने पोलादाचे सूक्ष्म कण सुटतात, हवेत पेटतात व कापसावर झेलले जातात. या साधनाचे ‘चकमक’ हे तुर्की मूळ असलेले नाव मराठीत लहानशा लढाईसही लागले. मंथनातून जन्माची कल्पना निघाली, आघातातून संघर्षाची. म्हणून लक्षणार्थाचा विचार करताना अभ्यासकाने शब्दकोशाबरोबर वस्तूची कृतीही पाहिली पाहिजे.