चाचणीचा निकाल यंत्राला कसा सांगावा?

आज्ञावलीची चाचणी घेतली की पडद्यावर निकाल उमटतो व तो आपण वाचतो. परंतु जेन्किन्ससारखे साधन प्रत्येक बदलानंतर चाचण्या आपणहून चालवते, तेव्हा वाचणारे यंत्र असते. त्याला ठरावीक साचा हवा. केंट बेक व एरिक गामा यांच्या जेयुनिटचे नाव लागलेला एक्सएमएल साचा बहुतेक साधने ओळखतात. तो रूढ केला मात्र ‘अँट’ या साधनाने. नाव एकाचे, काम दुसऱ्याचे!

माझ्या चाचणी-साधनाला हा साचा जोडताना मी प्रथम निकाल गोळा करणे आणि छापणे ही कामे वेगळी केली. मग बाहेर संच व त्याची एकूण संख्या, आत प्रत्येक चाचणीचे नाव आणि सेकंदांत वेळ, एवढेच लिहावयाचे उरते. ‘फेल्युअर’ व ‘एरर’ यांत गल्लत नको. 5 अपेक्षित असता 6 आले, हे फेल्युअर. उत्तर येण्यापूर्वीच आज्ञावली कोसळली, तर एरर.

खरी मेख संदेशात आहे. सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या तर संदेशच नसतो. फसलेल्या चाचणीच्या संदेशात कोनी कंस, अँपरसँड येतात. ते सांकेतिक रूपात लिहिता येतात. पण अक्षरे लाल करण्यासाठी वापरले जाणारे 27 क्रमांकाचे ‘एस्केप’ चिन्ह एक्सएमएल 1.0 ला कोणत्याही रूपात चालत नाही. ते राहिले की सारी फाइल अवाच्य, आणि तीही नेमकी चाचणी फसेल त्या दिवशी! म्हणून मी अशी चिन्हे आधीच गाळतो, आणि रंगीत संदेश देऊन मुद्दाम फसणारी एक चाचणी नमुन्यादाखल ठेवतो.