थोडी जावास्क्रिप्ट, पुष्कळ काम

न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संगणकाचा पाठ पाहून काही वडीलधाऱ्यांना नवल वाटेल. परंतु शिष्यवृत्तीचा अर्ज हल्ली मोबाइलच्या पडद्यावर भरला जातो. तेव्हा ते पान कसे बांधावे, हाही आता न्यासाच्या कामाचा भाग झाला आहे. त्या कामात आमच्या हातून एक चूक घडली. ती प्रथम सांगतो, म्हणजे पाठाचे कारण कळेल.

अर्जाचे पहिले पान आम्ही मोठ्या हौसेने तयार केले होते. सरकणारी चित्रे, उघडमीट होणाऱ्या याद्या, रंग पालटणारी बटणे, असा सारा थाट होता. आदिलाबाद शहरात ते छान चालले. पैनगंगेकाठच्या एका गावातील दहावीची मुलगी मात्र वडिलांच्या जुन्या फोनवर दोन दिवस बटण दाबत राहिली. मुदत टळल्यावर ती शाळेत येऊन म्हणाली, "सर, सगळं भरलं होतं, पण अर्ज जातच नव्हता." नियमाप्रमाणे त्या वर्षीची मदत तिला मिळाली नाही. दोष तिचा नव्हता. आमच्या पानाचा होता.

असे का झाले? वेबपानाचे तीन भाग असतात. एचटीएमएल म्हणजे घराच्या भिंती व दारे, सीएसएस म्हणजे रंगरंगोटी, आणि जावास्क्रिप्ट म्हणजे घरकामाला ठेवलेला गडी. टिम बर्नर्स-ली यांनी 1989 साली वेबची कल्पना मांडली, तेव्हा हा गडी नव्हता. ब्रेंडन आइक यांनी 1995 साली सुमारे दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा रचला. गडी उपयोगी खराच. पण आमच्या पानात दार उघडण्याचे कामही त्याच्याकडेच होते. तो वाटेत अडकला आणि दार बंद राहिले.

त्याचे ओझेही लक्षात घ्यावे. सेकंदाला 50 किलोबाइट या वेगाने 2 मेगाबाइटची जावास्क्रिप्ट उतरण्यास 40 सेकंद लागतात. 20 किलोबाइटचे साधे पान अर्ध्या सेकंदाच्या आत येते. शिवाय जावास्क्रिप्ट उतरली म्हणजे संपले असे नाही. फोनला ती वाचून, समजून, चालवावी लागते. स्वस्त फोन तेथेच थकतो.

आता उपाय पाहू. जे काम ब्राउझर स्वतः जाणतो, ते गड्याला सांगू नये.

पहिले, अर्ज. 'फॉर्म' ही खूण वापरून बटण 'सबमिट' प्रकारचे ठेवले, की अर्ज जावास्क्रिप्टवाचून जातो. रकान्यास 'रिक्वायर्ड' हा गुण लावला, तर तो रिकामा असताना ब्राउझरच अर्ज अडवून सूचना देतो. जन्मतारखेला 'डेट' व फोनक्रमांकाला 'टेल' हा प्रकार द्यावा; मग मोबाइलवर तारीखपट व अंकांचा कळफलक आपोआप येतो. तथापि अर्ज सर्व्हरवर पोहोचल्यावर पुन्हा तपासलाच पाहिजे. ब्राउझरची तपासणी ही केवळ अर्जदाराची सोय होय.

दुसरे, उघडमीट. नियमांची लांब यादी 'डिटेल्स' या खुणेत ठेवून तिचा मथळा 'समरी'त लिहावा. मथळ्यावर बोट ठेवताच यादी उघडते, पुन्हा ठेवताच मिटते. 2020 पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत ही सोय आहे.

तिसरे, भाषा. आपल्या जिल्ह्यात मराठी, तेलुगू, उर्दू शेजारी नांदतात. आमच्याच घरात दखनी बोलतात. उर्दू मजकुराच्या खुणेवर 'डिर' या गुणाची किंमत 'आरटीएल' लिहिली, की ओळी उजवीकडून डावीकडे लागतात. त्यासाठीही जावास्क्रिप्ट नको.

चौथे, जावास्क्रिप्ट कोठे हवी? विद्यार्थ्याने गुण लिहिताच शेजारी टक्केवारी दिसावी, असे आम्हांस वाटले. हे काम मात्र गड्याचे. गुणांच्या रकान्यावर 'इनपुट' या घटनेची वाट पाहावी, मिळालेल्या गुणांना एकूण गुणांनी भागून शंभराने गुणावे, आणि उत्तर 'आउटपुट' या खुणेत लिहावे. दहा-बारा ओळींत हे होते. जावास्क्रिप्टची फाइल जोडताना 'डिफर' हा गुण द्यावा, म्हणजे तिच्यासाठी पान खोळंबत नाही. ती आलीच नाही, तर टक्केवारी दिसणार नाही, एवढेच. अर्ज जाईल, आणि हिशेब सर्व्हरवर होईल.

कसोटी एकच: जावास्क्रिप्ट काढून घेतल्यावर पानाची शोभा जावी, काम जाऊ नये.

आमचे दुसरे पान याच रीतीने बांधले. दिसावयास ते साधे आहे; पहिल्या पानाचा थाट त्यात नाही. त्या मुलीने पुढील वर्षी त्याच जुन्या फोनवरून अर्ज भरला आणि तो पोहोचला. गेलेले वर्ष मात्र आम्हांस परत देता आले नाही.

न्यासाच्या कुटुंबांतील जी मुले-मुली हे शास्त्र शिकत आहेत, त्यांना घरचा अभ्यास देतो. आपण बनविलेले पान घ्यावे, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जावास्क्रिप्ट बंद करावी, आणि अर्ज भरून पाहावा. तो गेला नाही, तर पान आणखी सजवू नये. आधी दार दुरुस्त करावे. नंतर घरातील सर्वांत जुना फोन मागून घ्यावा व तोच प्रयोग शहराबाहेर, नेटवर्क मंद असेल तेथे, पुन्हा करावा.